ब्रिटनची स्थानिक निवडणूक: पक्षांवरचा राग नेमका कुठे मोजला जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या एका मध्यम शहरात राहणारं, अजून भारतीय पासपोर्ट असलेलं कुटुंब. कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) दरवर्षी वाढतो, रस्त्यावरचे खड्डे आहेत तिथेच आहेत, आणि पक्षांची पत्रकं फक्त एप्रिलमध्ये दारात पडतात. "सगळे पक्ष सारखेच, तर मे महिन्यात मत द्यायचं कशाला? इथे नोटा आहे का? कोरी मतपत्रिका टाकली तर कुणाच्या लक्षात येतं का? अपक्षाला दिलेलं मत वाया जातं का?"

आधी सरळ उत्तर. नोटा नाही. कोरी किंवा खोडलेली मतपत्रिका मोजली जाते, तिची नोंद होते आणि उमेदवार ती प्रत्यक्ष पाहतात, पण निकालावर तिचा परिणाम होत नाही. अपक्षाचं मत संसदेच्या निवडणुकीत बहुधा वाया जातं, वॉर्डाच्या निवडणुकीत मात्र तसं नाही. आणि घरी बसलेला माणूस कुठल्याच रकान्यात दिसत नाही. तो चिडला होता, आजारी होता की मतदान आहे हेच त्याला माहीत नव्हतं, हे निकालाच्या कागदावरून कळत नाही. म्हणून राग असेल तर घरी बसणं हा सगळ्यात कमकुवत मार्ग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीचे मार्ग कसे चालतात, कुठे फसतात, ते पुढे लिहितो.

ही नाराजी तुमच्या एकट्याची नाही. ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स या जुन्या आणि विश्वासार्ह पाहणीचे जून २०२४ मध्ये आलेले आकडे पाहा. कुठल्याही पक्षाचं सरकार पक्षापेक्षा देशाचं हित आधी पाहील यावर जवळजवळ कधीच विश्वास बसत नाही, असं म्हणणारे ४५ टक्के होते. तोवरचा हा उच्चांक. स्थानिक निवडणुकीत मतदान साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान होतं. म्हणजे दहापैकी सहा-सात जण येतच नाहीत, आणि पक्षांचं गणित या न येणाऱ्यांना वगळूनच मांडलेलं असतं. प्रचाराला दारोदार फिरणाऱ्यांच्या हातात जी यादी असते, तिच्यात मागच्या निवडणुकांत कोण मतदानाला आलं होतं याच्या खुणा असतात. मतदानानंतर खूण केलेली मतदार यादी पक्षांना आणि उमेदवारांना कायद्याने मिळते. कुणाला मत दिलं हे तिच्यात नसतं, आलात की नाही एवढंच असतं. दोन-तीन वेळा आला नाहीत, की तुमचं दार वगळून ते पुढच्या दाराकडे जातात. पत्रक एप्रिलमध्येच का येतं, आणि काही घरांत तेही का येत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता राग योग्य दारात जातोय का ते पाहू. इथे बहुतेकांची गल्लत होते आणि पक्षांना ती सोयीची असते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत कौन्सिलचे दोन थर आहेत. कचरा उचलणं, घरबांधणीच्या परवानग्या, गृहनिर्माण आणि कौन्सिल टॅक्सची वसुली डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. रस्ते, शाळांशी संबंधित कामं, वाचनालयं, कचऱ्याची विल्हेवाट, आणि वृद्ध, अपंग व निराधार मुलांची सामाजिक सेवा काउंटी कौन्सिलकडे. टॅक्सच्या बिलावर चिन्ह डिस्ट्रिक्टचं असतं, पण रकमेतला मोठा वाटा काउंटीला जातो आणि डिस्ट्रिक्टकडे अगदी थोडा राहतो. बिलावर काउंटी, डिस्ट्रिक्ट, पोलीस, अग्निशमन आणि असल्यास पॅरिश (गावपातळीचं कौन्सिल), असे वेगळे आकडे छापलेले असतात. खड्ड्यांचा राग डिस्ट्रिक्टच्या निवडणुकीत काढलात, तर ज्यांच्याकडे रस्ते नाहीत त्यांना शिक्षा होते. लंडनचे बरो (शहराचे स्वतंत्र कौन्सिल असलेले भाग), मँचेस्टर-बर्मिंगहॅमसारखे महानगरी बरो आणि एकस्तरीय कौन्सिलं यांच्याकडे यातली बहुतेक कामं एकत्र असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. रुग्णालयं, व्हिसा, पेन्शन यांतलं काहीही यांच्यापैकी कुणाच्याच हातात नाही, पत्रकात काहीही लिहिलेलं असो.

पैशांचं पुढचं गणित समजल्याशिवाय "सगळे सारखेच" या भावनेचा उलगडा होत नाही. कौन्सिलला तुटीचं अंदाजपत्रक मांडता येत नाही, आणि रोजच्या खर्चासाठी कर्ज काढता येत नाही. सामाजिक सेवा कायद्याने बंधनकारक आहे. गरजू मुलाला किंवा वृद्धाला "यंदा पैसे नाहीत" असं सांगता येत नाही. मोठ्या कौन्सिलांच्या खर्चाचा बहुतांश भाग याच सेवांवर जातो. दुसऱ्या बाजूला, राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबानुसार २०१०-११ ते २०२०-२१ या काळात केंद्राकडून कौन्सिलांना मिळणारी खर्चाची ताकद, महागाई वजा जाता, निम्म्याहून अधिक घटली. कर वाढवायचा म्हटला तरी २०२३-२४ पासून सामाजिक सेवा सांभाळणाऱ्या कौन्सिलांना ४.९९ टक्क्यांची मर्यादा आहे. त्याहून जास्त हवं तर सार्वमत घ्यावं लागतं किंवा सरकारची खास परवानगी लागते. त्यामुळे कुठलाही पक्ष आला तरी जवळपास ४.९९ टक्के वाढ, वाचनालयाचे कमी झालेले तास आणि उद्यानातली कमी झालेली माणसं, हेच दिसतं. निवडून आलेले लोक नालायक असतीलही, पण चांगले असते तरी चित्र फार वेगळं दिसलं नसतं.

तरीही फरक कुठे पडतो ते सांगतो, कारण तो खरोखर पडतो. कौन्सिल पैसे कमावण्यासाठी काय धोके पत्करते आणि त्याच्यावर नजर कोण ठेवतं, यात. खर्च भागणार नाही असं दिसलं की कौन्सिलचा मुख्य वित्त अधिकारी १९८८ च्या कायद्यातल्या कलम ११४ खाली नोटीस काढतो आणि नवा खर्च थांबतो. लेबरच्या ताब्यातल्या क्रॉयडनने ती नोव्हेंबर २०२० मध्ये काढली. स्वतःची घरबांधणी कंपनी काढून दिलेली कर्जं हे त्यातलं मोठं कारण. कॉन्झर्व्हेटिव्ह थरॉकने डिसेंबर २०२२ मध्ये, सौरऊर्जा कंपनीतल्या प्रचंड गुंतवणुकीनंतर. वोकिंगने जून २०२३ मध्ये, आधीच्या कॉन्झर्व्हेटिव्ह राजवटीत इमारतींवर उचललेल्या कर्जामुळे. नोटीस आली तेव्हा सत्ता लिबरल डेमोक्रॅटांकडे आली होती. बर्मिंगहॅममध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये समान वेतनाचे थकलेले दावे आणि फसलेली संगणक प्रणाली यांचा बोजा होता. तिथल्या लोकांनी २०२४ मध्ये ९.९९ टक्के आणि २०२५ मध्ये ७.४९ टक्के करवाढ सोसली. या यादीत दोन्ही मोठे पक्ष आहेत. क्रॉयडन, थरॉक आणि वोकिंगमधला समान धागा म्हणजे थोड्या लोकांनी घेतलेले मोठे आर्थिक निर्णय आणि त्यांना वेळीच अडवू न शकलेली सभागृहं. तेव्हा उमेदवाराला विचारायचा प्रश्न "कर कमी करणार का?" हा नाही. "कौन्सिलच्या मालकीच्या कंपन्या किती, त्यांना कर्ज किती दिलं आहे, आणि छाननी समितीचा अध्यक्ष विरोधी गटाचा आहे का?" असं विचारा. उत्तर येतं का, आणि कसं येतं, त्यावरून बरंच कळतं.

विरोधकच नसलेली कौन्सिलं हा इथला जुना रोग आहे. लंडनच्या बार्किंग आणि डॅगनहॅममध्ये २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा चार निवडणुकांत लेबरने सगळ्या ५१ जागा जिंकल्या. न्यूहॅममध्ये २०१० ते २०१८ या तीन निवडणुकांत ६० पैकी ६०. तिथे इतर पक्षांना मतं पडतच नाहीत असं नाही; ती प्रत्येक वॉर्डात दुसऱ्या क्रमांकावर राहतात आणि शून्य होतात. याच बार्किंगचा त्याआधीचा इतिहास निराशेच्या अभ्यासासाठी फार महत्त्वाचा आहे. फोर्डच्या डॅगनहॅम कारखान्यातली मोटारींची जुळणी २००२ मध्ये थांबली होती, कौन्सिलची घरं विकली जाऊन नवी बांधली जात नव्हती, आणि सत्ताधारी पक्ष वर्षानुवर्षं दारात येत नव्हता. २००६ मध्ये उघड वंशवादी बीएनपीने (ब्रिटिश नॅशनल पार्टी) तिथे १३ उमेदवार उभे केले. त्यातले १२ निवडून आले. तेवढी रिकामी जागा बाकीच्यांनी सोडली होती. २०१० मध्ये स्थानिक निवडणूक सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी आली, घरोघर माणसं फिरली, मतदान खूप वाढलं आणि बीएनपीच्या सगळ्या १२ जागा गेल्या. कमी मतदानात थोडे संघटित लोक किती पुढे जातात आणि मतदान वाढलं की काय होतं, हे दोन्ही एकाच ठिकाणी दिसतं.

अलीकडची लाट तर ताजीच आहे. १ मे २०२५ रोजी इंग्लंडच्या २३ कौन्सिलांची निवडणूक झाली. रिफॉर्म यूके या नव्या उजव्या पक्षाने ६७७ जागा आणि १० कौन्सिलं घेतली. कॉन्झर्व्हेटिव्हांनी त्या दिवशी त्यांच्याकडे असलेलं प्रत्येक कौन्सिल गमावलं. बीबीसीच्या देशव्यापी अंदाजात रिफॉर्म ३०, लेबर २०, लिबरल डेमोक्रॅट १७, कॉन्झर्व्हेटिव्ह १५ आणि ग्रीन ११ टक्के होते. दोन मोठे म्हणवणारे पक्ष मिळून ३५ टक्के. पण मतं पाच ठिकाणी विभागली आणि पद्धत मात्र सर्वाधिक मतं त्याला जागा हीच राहिली, की विजय फार थोड्या मतांवर मिळतो. वेस्ट ऑफ इंग्लंडच्या महापौरपदावर लेबरच्या हेलन गॉडविन अवघ्या २५ टक्के मतांवर निवडून आल्या. २०२२ च्या निवडणूक कायद्याने महापौरांसाठीची दुसऱ्या पसंतीची पद्धत काढली नसती, तर पहिल्या दोघांतला निकाल दुसऱ्या पसंतीची मतंही धरून लागला असता. डॉन्कास्टरच्या महापौरपदावर लेबरच्या रॉस जोन्स ६९८ मतांनी टिकल्या. त्याच दिवशी झालेल्या रनकॉर्न आणि हेल्स्बीच्या संसदीय पोटनिवडणुकीत फरक ६ मतांचा होता. आणि २०१७ मध्ये नॉर्दम्बरलंडच्या एका वॉर्डात दोघांना ३५६-३५६ मतं पडल्यावर काड्या ओढून निकाल लावावा लागला. हरलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारामुळे पक्षाच्या ६७ पैकी ३३ जागा झाल्या आणि बहुमत एका जागेने हुकलं.

लाटेचा एक दोष मात्र लक्षात ठेवा. पक्ष प्रत्येक वॉर्डात नाव असावं म्हणून नावापुरते उमेदवार उभे करतात. लाट आली की तेही निवडून येतात, आणि मग काही आठवड्यांत राजीनामे सुरू होतात. २०२५ नंतरही असे राजीनामे आले. नावापुरता उमेदवार ओळखणं कठीण नाही. अर्ज भरण्याची मुदत संपली की कौन्सिल उमेदवारांची अधिकृत यादी संकेतस्थळावर लावते. पत्ता वॉर्डाबाहेरचा, पत्रकावर त्याच्याबद्दल एक ओळ, ई-मेलला उत्तर नाही, स्थानिक प्रश्नावर कधीही लिहिलेलं काही सापडत नाही, असं सगळं जुळलं तर पक्षाचं चिन्ह बाजूला ठेवून विचार करा.

पत्रकावरच्या स्तंभालेखांबद्दलही सांगायला हवं. "इथे फक्त आम्हीच त्यांना हरवू शकतो" असं म्हणणारा आलेख सगळेच पक्ष छापतात. त्याखालची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा आकडे तुमच्या वॉर्डाचे नसतात. संसदेच्या निवडणुकीचे, शेजारच्या काउंटी विभागाचे किंवा सीमा बदलण्याआधीचे असतात. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तुमच्याच वॉर्डाचा मागचा निकाल पाच मिनिटांत सापडतो. पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर बघा, मग ठरवा.

आता बाद मतपत्रिकेचं. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून नोटाचं बटण आहे. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने तर २०१८ मध्ये, स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश काढला. ब्रिटनमध्ये याच्या जवळपास जाणारं काहीही नाही. मतमोजणीच्या वेळी संशयास्पद मतपत्रिका बाजूला काढतात, आणि निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवार व त्यांच्या प्रतिनिधींसमोर एकेक पाहून निर्णय देतो. बाद मतं चार कारणांखाली मोजतात: अधिकृत खूण नाही; हक्कापेक्षा जास्त उमेदवारांना मत; मतदार ओळखता येईल असं लिखाण किंवा खूण; कोरी किंवा हेतू अस्पष्ट. हे आकडे निकालासोबत जाहीर होतात. म्हणजे तुम्ही लिहिलेला निषेध उमेदवारांच्या डोळ्यांखालून जातो, पण कागदावर "कोरी किंवा अस्पष्ट: अमुक" एवढंच उरतं. २ मे २०१९ ला ब्रेक्झिटच्या रागात मतपत्रिकांवर मजकूर लिहिण्याचं प्रमाण इतकं होतं की त्याच्या बातम्या झाल्या. तरी त्या दिवशी पक्षांना हादरा बसला तो त्यामुळे नाही. कॉन्झर्व्हेटिव्हांच्या १,३०० वर जागा गेल्या आणि लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन व अपक्षांच्या वाढल्या, त्याने बसला.

तरीही बाद मतच टाकायचं असेल तर नीट टाका. एकाच उमेदवाराच्या चौकटीत काही लिहू नका. अधिकाऱ्याला त्यात त्याच्याकडे कल दिसला तर ते त्याचं मत म्हणून मोजलं जाऊ शकतं, चौकटीत फुलीऐवजी चित्र असलं तरी. सही किंवा नाव लिहू नका. पूर्ण कागदावर आडवी रेघ मारली की हेतू स्पष्ट राहतो. आणि चुकून खूण चुकली तर मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी केंद्राध्यक्षाला परत द्या. तो नवी देतो.

यापेक्षा जास्त उपयोगी आणि फार कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट बहुसदस्यीय वॉर्डाची आहे. लंडनमध्ये आणि इतर पुष्कळ ठिकाणी एका वॉर्डातून तीन कौन्सिलर जातात आणि तुमच्याकडे तीन मतं असतात. पुण्याच्या प्रभागासारखं हे वाटतं, पण तसं नाही. पुण्यात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. इथे सगळे उमेदवार आडनावाच्या वर्णक्रमाने एकाच यादीत असतात, आणि पहिले तीन निवडून येतात. तिन्ही मतं वापरणं बंधनकारक नाही. समजा, तुम्हाला एक अपक्ष बाई मनापासून हव्या आहेत आणि बाकी कुणाबद्दल काही वाटत नाही. तिसऱ्या जागेच्या लढतीत त्या १,१४० मतांवर आहेत आणि एका पक्षाचा उमेदवार १,१५५ वर. त्या बाईंच्याच २० समर्थकांनी "उरलेली मतं फुकट नकोत" म्हणून त्या उमेदवारालाही मत दिलं असेल, तर त्यांनी आपल्याच हाताने आपली उमेदवार पाडली. म्हणून एकच हवा असेल तर एकच फुली मारा आणि थांबा. चार फुल्या मारल्यात तर मात्र सगळं मत बाद. पक्षांच्या यादीत आडनाव वर असलेल्याला थोडी जास्त मतं पडतात, हाही इथला जुना अनुभव आहे. पक्षाचे तिघे निवडून येणार असं गृहीत धरू नका. तिसरा बरेचदा डळमळीत असतो आणि अपक्षाची संधी तिथेच असते.

आणखी एक. काही कौन्सिलांत दर चार वर्षांनी सगळ्या जागांची निवडणूक होते, काहींत चारपैकी तीन वर्षं दरवर्षी एक तृतीयांश जागांची. दुसऱ्या प्रकारात एका मे महिन्यात कितीही राग निघाला तरी सत्ता बहुधा बदलत नाही. लोक म्हणतात, "मत देऊनही काही झालं नाही". तिथे दोन-तीन वर्षं सलग जावं लागतं.

अपक्षांकडे येऊ. ॲशफील्डमध्ये २०१९ ला ॲशफील्ड इंडिपेंडंट्स या गटाने ३५ पैकी ३० जागा घेतल्या. सॉमरसेटमधल्या फ्रोम गावात अपक्षांच्या गटाने २०११ मध्ये नगर कौन्सिलच्या १७ पैकी १० आणि २०१५ मध्ये सर्व १७ जागा जिंकल्या. लेस्टरमध्ये २०२३ ला राग अपक्षांकडे न जाता विरोधी पक्षाकडे गेला. लेबरने आपल्या १९ विद्यमान कौन्सिलरांना उमेदवारी नाकारली. निवड स्थानिक शाखेच्या हातातून काढून घेतल्याची भावना होती. देशभर कॉन्झर्व्हेटिव्ह हरत असताना लेस्टरमध्ये त्यांनी १७ जागा मिळवल्या आणि लेबर ३१ वर आली. भारतीय वंशाच्या मतदारांच्या या शहराने पक्षाला जे सांगितलं ते मतपेटीतून सांगितलं, म्हणून ते ऐकू गेलं. अपक्षाला मत देण्याआधी तीन गोष्टी तपासा. तो आधी कुठल्या पक्षात होता आणि का बाहेर पडला. निवडून आल्यावर सभागृहात कुठल्या गटात बसणार, कारण समित्यांवरच्या जागा गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात आणि एकटा माणूस महत्त्वाच्या समितीबाहेर राहू शकतो. आणि अंदाजपत्रकाला मत देताना कुणाबरोबर जाणार. "मी फक्त लोकांबरोबर" हे उत्तर पुरेसं नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सभेत हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

स्वतः उभं राहायचं मनात असेल तर अडचण वाटते तितकी मोठी नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिलरच्या अर्जावर वॉर्डातल्या दोनच मतदारांच्या सह्या लागतात, सूचक आणि अनुमोदक. अनामत रक्कम नाही. अर्ज मतदानाच्या आधी १९ व्या कामाच्या दिवशी दुपारी ४ पर्यंत पोहोचला पाहिजे. ४ वाजून १ मिनिटाने आलेला अर्ज गेला, म्हणून दोन-तीन दिवस आधी निवडणूक कार्यालयात अनौपचारिक तपासणी करून घ्या. खर्चाची मर्यादा ९६० पौंड अधिक दर मतदारामागे ८ पेन्स. ७,००० मतदारांच्या वॉर्डात १,५२० पौंड. प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. निकालानंतर ३५ दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, खर्च शून्य असला तरी. त्या कौन्सिलमध्ये नोकरी असेल तर उभं राहता येत नाही. भारतीय नागरिकाला उमेदवारीसाठी कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क हवा; मत देण्यासाठी तो लागत नाही.

मताच्या हक्काबद्दल आपल्या लोकांत अजून गैरसमज आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून, ब्रिटनमध्ये राहण्याचा वैध व्हिसा असलेला भारतीय इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो. विद्यार्थी आणि नोकरीच्या व्हिसावरचेही. वय इंग्लंडमध्ये १८, स्कॉटलंड आणि वेल्सच्या स्थानिक निवडणुकीत १६. विद्यार्थी घरच्या आणि विद्यापीठाच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नाव नोंदवू शकतो आणि ती दोन वेगळी कौन्सिलं असतील तर दोन्हीकडे स्थानिक मत देऊ शकतो. नोंदणी मतदानाच्या १२ कामाचे दिवस आधी मध्यरात्रीपर्यंत, टपाली मताचा अर्ज ११ कामाचे दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत, मुखत्याराचा (तुमच्या वतीने मत देणाऱ्याचा) ६ कामाचे दिवस आधी. टपाली मत सर्वाधिक बाद होतं ते जन्मतारीख किंवा सही न जुळल्याने. अर्जावर देवनागरी सही आणि टपाली मतासोबतच्या कागदावर इंग्रजी असं करू नका, अर्जावर केली तीच सही पुन्हा करा. घरातल्यांची पाकिटं मतदान केंद्रावर नेऊन द्यायची तर स्वतःचं सोडून पाचच चालतात, आणि फॉर्म भरावा लागतो.

इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, चेहरा ओळखू आला की पुरे. आधार, भारतीय वाहन परवाना, ओसीआय कार्ड किंवा फोनमधला फोटो चालत नाही. पहिल्याच वर्षी सुमारे १४,००० लोक ओळखपत्राअभावी मत न देता परतले. मराठी नावांत आणखी एक खोच आहे: यादीत माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं, किंवा वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. किरकोळ फरक खपतो. आडनावच वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा. केंद्र सकाळी ७ ते रात्री १०. १० वाजता रांगेत असलात तर मत देता येतं. दारात पक्षाचा बिल्ला लावून क्रमांक विचारणारी माणसं सरकारी नसतात, त्यांना काही सांगण्याची सक्ती नाही.

निवडणूक संपल्यावर कौन्सिलरला परत बोलावता येत नाही. परत बोलावण्याचा २०१५ चा कायदा फक्त खासदारांसाठी आहे. सलग सहा महिने कुठल्याच सभेला न गेलेल्या कौन्सिलरचं पद मात्र जातं, आणि हजेरीचा तक्ता संकेतस्थळावर असतो. जागा रिकामी झाली की त्या भागातल्या दोन मतदारांनी लेखी मागणी केली तरी ३५ कामाच्या दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. नियमित निवडणूक सहा महिन्यांवर आली असेल तर नाही. पक्ष सोयीची वेळ शोधत जागा रिकामी ठेवू पाहतात, तेव्हा ही दोन सह्यांची तरतूद वापरा.

आणि सर्वांत कमी वापरला जाणारा हक्क हिशेब पाहण्याचा. २०१४ च्या लेखापरीक्षण कायद्यानुसार कौन्सिलला दरवर्षी ३० कामाचे दिवस आपली खाती, बिलं आणि करार लोकांना पाहायला खुले ठेवावे लागतात. त्यात जुलैचे पहिले १० कामाचे दिवस साधारणपणे येतात. तारखा संकेतस्थळावर एका कोपऱ्यात लावतात, म्हणून जूनच्या सुरुवातीलाच शोधा. "रस्त्यांचा सगळा खर्च दाखवा" असं लिहिलंत तर काही मिळणार नाही. कंत्राटदाराचं नाव, आर्थिक वर्ष आणि हवी असलेली बिलं किंवा करार नेमके लिहून मागा, आणि मुदत संपण्याच्या निदान दोन आठवडे आधी. खासगी व्यक्तींची माहिती आणि काही व्यापारी तपशील ते झाकतील, बाकीचं दाखवावं लागतं. मतदार यादीत नाव असेल तर याच काळात लेखापरीक्षकाला प्रश्न विचारण्याचा आणि बेकायदा वाटणाऱ्या खर्चावर लेखी हरकत घेण्याचा हक्कही तुम्हाला आहे. या हक्कासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही.